पिशवीला गाठ मारण्याआधी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मी डंपिंग ग्राउंडवरच्या माझ्या कामाबद्दल थोडं लिहिलं होतं. कचऱ्याच्या भरावात भोक पाडायचं, त्यात भोकाभोकांची नळी सोडायची आणि खालून येणारा वायू मोजायचा, हे काम मी २१ वर्षं केलं. ते वाचून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देते आहे. पहिल्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण जवळजवळ निम्म्या पत्रांत तोच होता आणि त्यामागचा राग अगदी रास्त आहे.

प्रश्न : ताई, सहा वर्षं झाली, मी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवते आहे. दोन डबे, दोन रंग, घरात सगळ्यांना शिस्त लावली. आणि रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच गाडीत रिकामे होतात. मग हा खटाटोप कशासाठी करायचा?

आधी तो डबा पुढे कुठे जातो ते सांगते, म्हणजे माझं उत्तर पटेल.

भरावात कचऱ्याचा थर टाकतात, यंत्राने दाबतात, वर माती पसरतात, मग पुढचा थर. दोन-तीन थर झाले की खाली हवा पोचत नाही. मग हवेशिवाय जगणारे जीवाणू ओल्या कचऱ्याचा ताबा घेतात आणि मिथेन तयार होऊ लागतो. भरावातून येणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मिथेन हवेत सुमारे १२ वर्षंच टिकतो, पण २० वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. माणसांमुळे हवेत जाणाऱ्या एकूण मिथेनपैकी अंदाजे पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्यातून येतो. म्हणजे तुमच्या ओट्यावरच्या साली आणि वाढलेलं तापमान यांच्यात फार पायऱ्या नाहीत.

एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. नऊ वर्षांपूर्वी बंद केलेला एक भराव मी तपासायला गेले होते. वर छान माती, त्यावर गवत, दुरून टेकडीच वाटावी. जवळ गेल्यावर त्या हिरव्या गवतात ताटाएवढे करपलेले गोल दिसले. पाणी कमी पडलं म्हणून ते करपले नव्हते. खालून वर येणाऱ्या वायूने मुळांजवळचा प्राणवायू हाकलून दिला होता. मीटर त्या गोलावर धरला की आकडा चढायचा, हातभर बाजूला नेला की उतरायचा. नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी गाठ मारून टाकलेलं उरलंसुरलं अन्न अजून श्वास सोडत होतं.

आणि हा ढीग नुसता तापतो असं नाही, तो चालूही लागतो. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेऊविगाजा नावाचं डंपिंग ग्राउंड होतं. २१ फेब्रुवारी २००५ला, जोरदार पावसानंतर, तिथला कचऱ्याचा डोंगर घसरला आणि पायथ्याची वस्ती गाडली गेली. १४०हून जास्त माणसं गेली. तो देश आता २१ फेब्रुवारी हा दिवस कचऱ्याबद्दलच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतो. मी दरवर्षी त्या दिवशी त्या वस्तीची आठवण काढते.

आता तुमचा प्रश्न. गाडीत सगळं एकत्र होतं, हे खरं आहे. पण वर्गीकरणाच्या टेबलावर मी जे पाहिलं तेही ऐका. तिथे काम करणारी एक बाई पिशवी उघडण्याआधी तिच्यावर तळहात ठेवायची. पिशवी कोमट लागली की ती बाजूला सारायची. आत ओलं कुजायला लागलेलं असतं, म्हणून ती कोमट लागते. त्या पिशवीतला कागद गेला, पुठ्ठा गेला, कापड गेलं, बाटल्या चिकट झाल्या, म्हणजे त्यांचा भाव गेला. आणि फुटकी काच त्या लगद्यात दिसत नाही, ती हाताला लागल्यावरच कळते. गार, हलकी, खुळखुळणारी पिशवी आली की ती पहिली उघडली जायची. तुमची सुक्याची पिशवी गाडीत दुसऱ्याच्या ओल्याशेजारी पडली तरी तिची गाठ शाबूत असेल तर आतला माल वाचतो. सहा वर्षांत तुमच्या घरातला किती कागद असा वाचला असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही, पण तो वाचला आहे.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ओला कचरा गाडीपर्यंत जाऊच देऊ नका. तो घरी किंवा इमारतीच्या आवारात जिरवला की तुमच्याकडून जायला फक्त सुकं उरतं, आणि सुक्यात सुकं कितीही मिसळलं तरी बिघडत नाही. शिवाय शेजारच्या दहा घरांच्या सह्या घेऊन एकच मागणी लेखी करा, ओल्याचे आणि सुक्याचे वार वेगळे असावेत. ‘कचरा नीट उचला’ अशा मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळतं. वार मागितले की हो किंवा नाही म्हणावं लागतं.

प्रश्न : आम्ही हौसेने कंपोस्टचा डबा सुरू केला. तीन आठवड्यांत वास सुटला, अळ्या झाल्या, सासूबाईंनी तो बाहेर काढायला लावला. कुठे चुकलं?

वास कसला होता, ते तुम्ही लिहिलं नाही. तेच सर्वांत महत्त्वाचं, कारण डबा वासातूनच बोलतो. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास असेल तर आत हवा नाही आणि पाणी जास्त आहे. डोळ्यांत जाणारा, अमोनियाचा झणका असेल तर ओलं जास्त आणि सुकं कमी पडलं आहे. दोन्हींवर औषध एकच, सुका पालापाचोळा. एक वाटी ओला कचरा टाकला तर वर दोन-तीन वाट्या पाचोळा, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा. शास्त्राच्या भाषेत कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३०ला १ लागतं. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन भरपूर असतो, कार्बन पाचोळ्यातून येतो. बहुतेक जण ओलं टाकत राहतात आणि पाचोळा विसरतात.

ओलावा पाहायला यंत्र नको. आतलं मूठभर घ्या आणि घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाचोळा घाला, उलथा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. थेंबही नाही आला आणि मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा.

अळ्यांबद्दल सासूबाईंना माझ्यातर्फे एवढं सांगा : जाड, करड्या, चपट्या अळ्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या आहेत. ती माशी घरभर अन्नावर बसत फिरत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. त्या नको असतील तर ओल्यावर दर वेळी पाचोळ्याचं पांघरूण घाला. उघडं ओलं दिसलं नाही की माशी अंडी घालायला येत नाही.

डबा नीट चालू लागला की काही आठवड्यांनी आत राखाडी-पांढरी, जाळीसारखी तंतूंची बुरशीसारखी वाढ दिसेल. घाबरून फेकू नका. त्यातले बरेच तंतू ॲक्टिनोमायसिटीज नावाच्या जीवाणूंचे असतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो याच कुळातले जीवाणू तयार करतात. तुमच्या डब्याला तो वास आला की सासूबाईंना हुंगायला बोलवा. डबा आत घ्यायची परवानगी त्याच देतील.

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी मी आमच्या डब्यात टाकली. आठ महिने झाले, जशीच्या तशी आहे. ही फसवणूक नाही का?

पिशवी बहुधा खरी आहे, पण तुमच्या डब्यासाठी ती बनलेलीच नाही. अशा बऱ्याच पिशव्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पासाठी असतात, जिथे ढीग आठवडेच्या आठवडे ५८ अंशांच्या आसपास तापलेला राहतो. घरचा लहान डबा तेवढा तापत नाही. पुढच्या वेळी ‘घरगुती कंपोस्टसाठी’ असं स्पष्ट लिहिलं आहे का, ते बघा. नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलं असेल, किती दिवसांत आणि कोणत्या परिस्थितीत ते दिलं नसेल, तर त्या शब्दावर विसंबू नका. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ प्लास्टिकचे तर फक्त बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने २०२१पासून त्यावर बंदी घातली, ती योग्यच केली.

प्रश्न : बाणांचा त्रिकोण दिसला की मी ते प्लास्टिक धुऊन रिसायकलिंगला देते. पण भंगारवाले निम्मं परत देतात. असं का?

कारण त्या त्रिकोणाचा अर्थ ‘याचं रिसायकलिंग होईल’ असा नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने प्लास्टिकची जात ओळखता यावी म्हणून १ ते ७ हे आकडे काढले. त्याभोवती बाण घातले आणि जगभर गैरसमज झाला. पुढे २०१३मध्ये प्रमाणकात बाण काढून साधा त्रिकोण केला, पण जुनं चित्र अजून सगळीकडे छापलं जातं. तुम्ही त्रिकोण पाहू नका, आतला आकडा पाहा. १ म्हणजे ‘पेट’ (पीईटी) जातीचं प्लास्टिक, पारदर्शक बाटल्यांचं. २ म्हणजे जाड, दुधट डबे-कॅन. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, झाकणं आणि डबे. यांना साधारणपणे गिऱ्हाईक असतं. ७ म्हणजे ‘इतर सगळं’, आणि ते कोणालाच नको असतं.

सर्वांत अवघड म्हणजे आतून चांदीसारखं चमकणारं वेष्टन. ते एक प्लास्टिक नसतं. दोन-तीन जातींचे पातळ पापुद्रे आणि मध्ये धातूचा अतिपातळ थर, सगळे एकमेकांना चिकटवलेले. माल ताजा राहतो तो त्यामुळेच. पण हे थर पुन्हा सुटे करणं जवळपास अशक्य आहे आणि जिथे जमतं तिथे परवडत नाही. ओला-सुका डब्यात मिसळतो तो आपण मिसळतो, इथे ते काम कारखान्यातच उरकलेलं असतं. म्हणून या बाबतीत ग्राहकाला एकट्याला दोषी धरणं मला मान्य नाही.

२०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा हिशेब असा : २०१५पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं, त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला, आणि त्या कचऱ्यातलं फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आलं. प्लास्टिकवर जागतिक करार करायचं २०२२मध्ये नैरोबीत ठरलं. त्यानंतर २०२४च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या बुसानला आणि ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हाला देश जमले, दोन्ही वेळा सहमती न होताच उठले. मुख्य वाद एकाच जागी अडला आहे : प्लास्टिक तयार होण्यावरच मर्यादा घालायची की नुसता कचरा आवरायचा. मी इतकी वर्षं ढिगाच्या टोकाला उभी होते. माझं मत तयार होण्यावर मर्यादा घालण्याच्या बाजूने आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणतो, पृथ्वीचं हवामान पूर्वीही बदलत होतं, मग आता माणसाला दोष का द्यायचा? मला उत्तर देता आलं नाही.

तुझ्या मित्राचं पहिलं वाक्य बरोबर आहे, ते आधी मान्य कर. हिमयुगं आली आणि गेली. शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल छिद्रं पाडून बर्फाचे लांब दंड काढले. त्यांत जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यावरून कळलं, की औद्योगिक काळापूर्वीच्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड हवेच्या दर दहा लाख कणांत ३००च्या वर टिकून राहिला नव्हता. १७५०च्या सुमारास तो २८० होता. १९५८मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा ३१५च्या आसपास होता. आज तो ४२०च्या वर आहे. हिमयुग संपताना एवढी वाढ व्हायला हजारो वर्षं लागली होती, आता एका माणसाच्या आयुष्यात झाली.

पण ती माणसामुळेच कशावरून? इथे कार्बन स्वतःच साक्ष देतो. हवेतल्या आणि जिवंत झाडांतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ या किरणोत्सारी प्रकाराचा अगदी थोडा अंश असतो. तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली आहेत, त्यांच्यात तो उरलेलाच नाही. कोळसा-तेल जाळून निघणारा वायू हवेत मिसळला, की हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण पातळ होत जातं. हा परिणाम हान्स स्युस यांनी १९५०च्या दशकात झाडांच्या वर्तुळांत मोजून दाखवला. आणखी एक खूण आहे. सूर्य तापल्यामुळे पृथ्वी तापली असती, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा थर, स्थितांबर, गार होतो आहे. उष्णता खालीच अडकते आहे.

आणि मित्राला एक गोष्ट आवर्जून सांग. १८५६मध्ये युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि आत तापमापी लावली. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि उन्हातून काढल्यावर गार व्हायलाही फार वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी जास्त तापली असती, असं त्यांनी त्याच वेळी लिहून ठेवलं.

प्रश्न : आवारातला पाला आणि थोडं प्लास्टिक मी आठवड्यातून एकदा जाळतो. ढीग तरी कमी होतो. त्यात एवढं काय वाईट?

कृपा करून बंद करा, आजपासून. उघड्यावरची आग मंद आणि धुराची असते. प्लास्टिकमध्ये क्लोरीन असेल, उदाहरणार्थ पीव्हीसी, तर अशा आगीत डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठतात. म्हणूनच कचरा जाळणाऱ्या मोठ्या भट्ट्यांना युरोपात नियम आहे, की वायू किमान २ सेकंद ८५० अंशांवर राहिलाच पाहिजे आणि नंतर गाळला गेला पाहिजे. तुमच्या आवारात यातलं काहीच नाही आणि धूर सगळ्यात आधी तुमच्याच घरात शिरतो. पाला मात्र मौल्यवान आहे. वरच्या कंपोस्टवाल्या घरांना तोच कमी पडतो आहे.

प्रश्न : आमचा २५ वर्षांचा फ्रिज भंगारात द्यायचा आहे. त्यातल्या गॅसने ओझोनला भोक पडतं म्हणतात, आणि त्यानेच उकाडाही वाढतो का?

ओझोनचा थर विरळ होणं आणि तापमानवाढ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रिजच्या गॅसमुळे त्या एकमेकींत गुंतल्या. जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) वायूंनी ओझोन खाल्ला आणि उष्णताही प्रचंड अडवली. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचं भोक जाहीर झालं आणि दोनच वर्षांत, १९८७मध्ये, असे वायू थांबवण्यासाठी माँट्रियल करार झाला. आज जगातले सगळे देश त्यात आहेत. अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल असा अंदाज आहे. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी (हायड्रोफ्लोरोकार्बन) वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता धरतात. म्हणून २०१६मध्ये रवांडातल्या किगालीत तेही कमी करायचं ठरलं.

तुमच्या फ्रिजच्या मागे किंवा कॉम्प्रेसरवर पट्टी असेल, त्यावर गॅसचं नाव असतं. आर-१३४ए असेल तर तो एचएफसी. फ्रिज देताना एकच गोष्ट विचारा : गॅस यंत्राने काढून घेणार का? भंगारात बहुतेक वेळा तांब्याची नळी सरळ कापतात. एक लांब ‘हिस्स’ ऐकू येतं आणि संपतं. तो गॅस १००-१५० ग्रॅमच असतो, पण आर-१३४ए उष्णतेच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट आहे. म्हणजे त्या एका ‘हिस्स’मध्ये शंभर-दोनशे किलो कार्बन डायऑक्साइड गेल्यासारखं. गॅस काढून घेणारं केंद्र सापडेपर्यंत फ्रिज उभाच राहू द्या, नळीला हात लावू नका.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. बातम्या वाचून रात्र-रात्र जागते. म्हणते, सगळं संपलंच आहे. मी तिला काय सांगू?

‘काही होत नाही, झोप’ असं तेवढं सांगू नका. तिला आकडे माहीत आहेत, तुमच्यावरचा विश्वास जाईल. २०२४ हे पहिलं कॅलेंडर वर्ष होतं, ज्याचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने दीड अंशाच्या वर गेलं. हे तिने वाचलं असेल, ते खरं आहे. पण हवामानाबद्दलच्या पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीची आहे, एका वर्षाची नाही. आणि दीड ओलांडलं म्हणजे कडा संपली आणि सगळे खाली पडले, असं नसतं. दीड आणि १.६ यांत फरक आहे, १.६ आणि १.७ यांतही आहे. दर अंशामागे हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून प्रत्येक दशांशामागे पाऊस अधिक जोराने कोसळू शकतो. तसाच, वाचवलेला प्रत्येक दशांश कोणाचं तरी घर पाण्यापासून वाचवतो.

तिला हेही दाखवा, की आजच्या धोरणांवर शतकाअखेरचा अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे आणि दहा वर्षांपूर्वी तो याहून जास्त होता. सौर पॅनेलची किंमत २०१० ते २०२० या दशकात जवळजवळ ९० टक्क्यांनी उतरली. हे आपोआप झालेलं नाही, माणसांनी केलं आहे. आणि रात्री एकटीने बातम्या वाचण्याऐवजी तिला दुसऱ्या दोघी-तिघींबरोबर हाताने करायचं एखादं काम द्या. शाळेतला ओला कचरा आठवडाभर वजन करून बघणं, एवढंही चालेल. झोप मात्र महिना उलटला तरी येत नसेल, तर समुपदेशकाकडे न्या, त्यात उशीर करू नका.

प्रश्न : चार वर्षं जुन्या बॅटऱ्या आणि दोन बंद मोबाइल मी पत्र्याच्या डब्यात साठवले आहेत. कचऱ्यात टाकायचं जिवावर येतं. पुढे काय करू?

टाकला नाहीत, फार बरं केलंत. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२ टक्क्यांच्या आसपास नोंद होऊन रीतसर पुनर्वापराला गेला. कचरागाडीत दाबल्या गेलेल्या लिथियम बॅटऱ्या पेट घेतात. वर्गीकरणाच्या टेबलावर धुमसत आलेली पिशवी मी दोनदा पाहिली आहे.

आज एवढं करा. सगळ्या बॅटऱ्या डब्यातून बाहेर काढा, कारण पत्रा आणि बॅटरीची टोकं यांची गाठ पडू देऊ नये. प्रत्येकीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि प्लास्टिकच्या किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या जागी ठेवा. मोबाइल हातात घेऊन कडेने पाहा. पाठ फुगलेली असेल, पडदा उचलला गेला असेल, तर तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका, उघडू नका. तेवढाच वेगळा काढून कोरड्या वाळूच्या भांड्यात, घराबाहेर, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. भांड्याचं झाकण घट्ट लावू नका. बाकीच्यांना महिना थांबता येईल. फुगलेला मात्र या दोन दिवसांतच ई-कचरा केंद्रावर स्वतः नेऊन द्या, आणि देताना तो फुगला आहे हे तोंडाने सांगा.